नववा घाणा

अंबडच्या आमच्या लॅबमध्ये
टायटॅनियमच्या वितळीला कुणी हीट म्हणतं, कुणी मेल्ट.
मी घाणा म्हणते.
गोडांबे सरांनी दोनदा टोकलं, मग तेच म्हणू लागले,
"सातवा घाणा बिघडला."

बिघडला म्हणजे कडक झाला.
सीलमध्ये कुठेतरी केसाएवढी फट,
आणि तापलेलं टायटॅनियम हवा पितं,
घोट घोट नाही, घटाघटा.
ताणून पाहिलं तर आकडा असा वर गेला
की मुमताजनं पेढ्यांचं नाव काढलं.
मग खाच पाडलेला तुकडा ऐरणीवर ठेवला,
लंबक सोडला.
तो पलीकडे जवळजवळ तितकाच वर चढला,
वाटेत कुणी भेटलंच नाही अशा थाटात.
नऊ ज्यूल.
तुटलेली बाजू खडीसाखरेसारखी चकचकीत.

रिपोर्टात दोनच रकाने: ताकद, आघात.
आप्पांकडे शब्द जास्त होते.
टणक, कडक, कणखर, चिवट,
आणि एक "मुजोर",
तो फक्त फार ठोकलेल्या तांब्यासाठी राखून ठेवलेला.
तांबट लेनमध्ये चाळीस वर्षं मठारकाम.
पत्रा मुजोर झाला की हातोडी बाजूला,
लाल होईस्तोवर भट्टीत, मग पाण्यात.
"समजूत काढावी लागते," म्हणायचे.
पितळ उघडं पडणं ही आमच्या घरी नामुष्की नव्हती,
त्यात जस्त किती ते बघायची सोय होती.

आठव्या घाण्यात विशेष काही नाही.
सहा टक्के ॲल्युमिनियम, चार व्हॅनेडियम,
सगळे करतात तसं.
चोवीस ज्यूल.
सूक्ष्मदर्शकाखाली कण ढोबळ,
कडेकडेनं भेग निवांत चालत जाईल
एवढे ऐसपैस.

नवव्यात बोरॉन.
किती, तर दहा किलोला दहा ग्रॅम.
बटर पेपरवर तोलला, श्वास धरून,
शिंक आली असती तर सगळंच मुसळ केरात.
धातू गोठू लागला की हा पुढे ढकलला जातो,
वाढणाऱ्या प्रत्येक कणाच्या तोंडाशी उभा राहतो,
बस, इथवरच.
आणि कण बारीक राहतात.
जास्त पडला तर त्याच्याच सुया होतात
नि भेग नेमकी तिथून सुरू.
(हे वाचून मला कोण कोण आठवलं
ते इथे लिहीत नाही.)

खाच. ऐरण. लंबक.
सोडला तेव्हाच ओझरच्या बाजूनं विमान घरघरत गेलं,
त्यामुळे आवाज असा ऐकूच आला नाही,
फक्त दिसलं,
पलीकडे चढताना तो दमला.
एकतीस.
ताकदीचा आकडाही वर, थोडासा.
सर म्हणाले, "हसू नका, अजून तीन मोडा."
मोडले.
एकोणतीस, तेहतीस, पुन्हा एकतीस.
तुटलेली बाजू करडी, मळकट,
खळगेच खळगे,
सहजासहजी सुटलेली नाही हे कुणालाही कळावं.

एक अर्धुक पर्समध्ये टाकलं,
रजिस्टरला नोंद करून, चोरून नाही.
द्वारकेला बस अर्धा तास अडकली.

आप्पांना आता दिसत नाही.
तळहातावर ठेवलं तर आधी वजनाला हसले,
"हे काय, पापड?"
मग नखानं वाजवलं, कानाशी नेलं,
पुन्हा वाजवलं.
"यात कोण कोण आहे?"
सांगितलं.
"आणि तो शेवटचा? इतकासाच?"
जास्त झाला तर मोडतं, आप्पा.

मोडलेल्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले बराच वेळ.
मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.
म्हणाले,
"कानस घेऊन कोपरे मार याचे, पोरांच्या हाताला लागेल.
आणि चहा ठेव."